टेकाडावरची बांधी

हे बघा, सांगतो. पण मधेच एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे नाहीत, मला ते लगेच दिसतं. आत्ता तुम्ही दोघं कशाला हसलात? चहा गरम होता? बरं, असेल.

तर माझी सगळ्यांत मोठी फजिती झाली ती माझ्याच घरामागे, भर दुपारी, अर्ध्या गावासमोर, आणि त्या वेळी माझ्या दोन्ही हातांत माझ्या सासूचे पाय होते. थांबा, थांबा! पहिल्यापासून सांगू द्या. नाहीतर तुम्ही भलताच समज करून घ्याल.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, जंगलाला लागून. घरापुढे अंगण सपाट, पण मागे? मागचं दार उघडलं की नाकासमोर टेकाड उभं. शेळीलासुद्धा विचार करून चढावं लागायचं, इतका उतार. आणि पावसाळा लागला की त्यावर तण असं माजायचं, विचारू नका! तरोटा कमरेइतका, आघाडा, गोखरू, रायमुनी, मधे मधे कांसाचे झुबके. दरसाल दोन तरी साप त्यातून उतरून आमच्या चुलीपर्यंत यायचे.

त्या उन्हाळ्यात मी आमगावच्या बाजाराला गेलो होतो. तिथे स्टेशनाच्या बाजूचा उतार पाहिला. काय सांगू! पायऱ्या पायऱ्या पाडलेल्या, कडेला चुन्याने रंगवलेले दगड, मधे लाल-पिवळी फुलं. तण औषधालाही नाही. मी गाडी सुटेपर्यंत तेच बघत बसलो, आणि मीठ आणायचं विसरून घरी आलो.

ठरवलं, आपलंही टेकाड असंच करायचं.

आता शेजारी फागू. फागूचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून. त्याच्याकडे एक बैल, कवड्या. माझ्याकडे एक, ढवळ्या. दोघांची सावड होती. म्हणजे दोन्ही बैल एका जुवाला जुंपायचे, आज माझं शेत, उद्या त्याचं. एका बैलाने काही चिखलणी होत नाही, म्हणून फागूवाचून माझं शेत पिकत नव्हतं आणि माझ्यावाचून त्याचं. माणूस तसा चांगला. पण मला सांगा, माणूस चांगला असतो तो काय उगीच?

मी टेकाडावर कुदळ घेऊन चढलो तसा हा कुडापलीकडून बोलला, "काऊन गा मोतीराम, तन कायले उपटून राह्यला?"

"साप निघते."

"साप निघते त निघू दे. त्या तनाच्या मुऱ्यायनंच टेकाड धरून ठेवलं आहे. उपटशीन त सारं घरात येईन पाय."

मी कान टवकारले. टेकाड माझं, तण माझं, घर माझं, आणि काळजी याला? काहीतरी आहे! रात्रंदिवस विचार केला तेव्हा उमगलं. आमगावच्या स्टेशनासारखं टेकाड झालं की गावात माझं नाव होणार, आणि ते याला बघवणार नाही. मी दुपटीने कुदळ मारायला लागलो.

कौतिका, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "फागूभाऊ म्हनते ते आयका ना." मी तिच्याकडेही जरा निरखून पाहिलं. हिला फागूने कधी गाठलं?

आठ दिवसांत टेकाड बोडकं केलं. एक कांसाचा झुबका तेवढा राहिला, वरच्या कोपऱ्यात. त्याच्या मुळ्या कुठवर गेल्या होत्या देव जाणे, कुदळीचा दांडा मोडला पण तो हलला नाही. राहू दे म्हटलं, एकटा काय करणार!

पण तण पुन्हा उगवू नये म्हणून काय करायचं? इथे माझ्यातला धानवाला जागा झाला. आम्ही धानाची माणसं. आम्हाला तण मारायचा एकच मंत्र ठाऊक: बांधी करायची, चारी बाजूंनी मातीची पाळ घालायची, आणि पाणी उभं ठेवायचं. पाण्याखाली तण सडतं. सपाट शेतात सडतं, तर टेकाडावर काय त्याला पंख फुटणार?

मी टेकाडाला चार पायऱ्या पाडल्या. प्रत्येक पायरीला गुडघाभर पाळ. झाल्या चार बांध्या, एकावर एक. पाळीवर चुन्याने रंगवलेले दगड ओळीने मांडले. खालून पाहिलं की छाती भरून यायची. वाटेने जाणारे लोक थांबून बघायचे. काही हसायचे, पण ते जळफळाटाचं हसणं मी ओळखतो.

पाऊस लागला. चारही बांध्या काठोकाठ भरल्या, आणि तुम्हाला सांगतो, तण खरंच कुजलं! एक पान वर आलं नाही. बेडकांनी एवढा गलका केला की आम्हाला घरात ओरडून बोलावं लागायचं. मी मागच्या दारात खाट टाकून नुसता बघत बसायचो.

त्याच सुमाराला सासूबाई दवनीवाड्याहून आल्या. कौतिकाला सातवा महिना, रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, तिला वाकता येणार नव्हतं, म्हणून माय लेकीच्या मदतीला आली. सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर यायचं नाही, आणि तोंड वर करून बोलायचं तर नाहीच नाही. मी घरात पाऊल टाकलं की पदर हनुवटीपर्यंत, आणि बाई भिंतीकडे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचा एक शब्द मला समोरून मिळाला नव्हता. त्यांना झोपायला मागची खोली दिली, टेकाडाला लागून असलेली.

दोनच दिवसांनी कौतिका म्हणाली, "अवो, माय म्हनते, मागल्या भिंतीतून वल येऊन राह्यली."

ओल? माझ्या बांध्यांतून? मी लगेच ओळखलं. पुढच्या खोलीत माझी खाट होती, वाऱ्याच्या तोंडाशी. मायलेकींचा डोळा त्या जागेवर होता.

"तुह्या मायले सांग, दवनीवाडा सपाट गाव. टेकाडाची हवाच अशी रायते."

यानंतर आणखी दोनदा तिने तेच सांगितलं. मी दोनदा तेच उत्तर दिलं. माझं उत्तर पक्कं असतं.

आणि मग एक दिवस शेतातून दुपारी घरी आलो, मागे गेलो, आणि बघतो तर काय! वरून दुसरी बांधी रिकामी! पाळ एका टोकाला फावड्याने कापलेली, बरोबर हातभर. पाणी बाजूच्या चरातून वाहून गेलेलं. आणि तो चर कुठे जातो? फागूच्या घराजवळच्या बांधीत!

तुम्ही धानाच्या मुलखातले असता तर आत्ता चहा टाकून उठून उभे राहिला असता. त्या साली पाऊस चार दिवस पडायचा आणि सहा दिवस दडी मारायचा. रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याची पाळ फोडून पाणी नेणं म्हणजे आमच्याकडे महापाप. माणूस एक वेळ बायको पळवणाऱ्याशी बोलेल, पण पाणी पळवणाऱ्याच्या हातचा विडा घेणार नाही.

मी पाळ बुजवली. दुसऱ्या दिवशी तिसरी बांधी फोडलेली! पुन्हा बुजवली. पुन्हा फोडलेली!

मी शोध सुरू केला. फागूच्या फावड्याला बोट लावून पाहिलं, तर चिखल! आषाढात फावड्याला चिखल! आणखी काय पुरावा पाहिजे? त्याची बांधी पाहिली, तुडुंब. तो मला "कसा आहेस" म्हणाला. आधी कधी विचारत नव्हता. की विचारत होता? आठवेना. म्हणजे लक्षात ठेवण्यासारखं काहीतरी होतंच.

एकच अडचण होती. पाळ फुटायची मी शेतात असताना. आणि शेतात माझ्यासोबत कोण? फागू. सूर्य उगवल्यापासून दुपारपर्यंत नांगराच्या मागे-पुढे आम्ही दोघंच. मी दोन दिवस यावर डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्याच बांधीत चिखलणी चालू असताना मला राहवलं नाही.

"काऊन गा फागू, तुह्या बांधीत एवढं पानी कोठून आलं?"

त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. "वरून."

"वरून म्हंजे माह्या टेकाडावरून!"

"येडा झाला का गा? मी त सकारपासून तुह्याच संगं आहो."

"तेच त म्हनून राह्यलो! निर्दोष मानूस सकारपासून दुपारवरी माह्यासंगं कायले राहीन? बायकोले पाठवलं अशीन फावडा देऊन, अना तू अठी साळसूद!"

आजूबाजूच्या बांध्यांत रोवणाऱ्या बाया कमरेतून सरळ झाल्या. फागूने बैल थांबवले.

"मोतीराम, तू मले पानीचोर म्हनून राह्यला?"

"मी नाही म्हनत. पानी म्हनून राह्यलं."

त्याने कवड्याच्या मानेवरचं जू काढलं. जू ढवळ्याच्या बाजूला कलंडलं, चिखलात टेकलं. "चोराचा बैल कायले पायजे तुले?" एवढं बोलून तो कवड्याला घेऊन धुऱ्याने, शेताच्या बांधावरून, चालता झाला. त्याची अर्धी बांधी तशीच राहिली होती, तरी गेला.

मला वाटलं, बघा, पळाला!

पण घरी येईपर्यंत माझी हवा निघाली. परे, म्हणजे धानाची रोपं, टाकून अठरा दिवस झाले होते. आणखी आठवडाभरात रोपं उपटून चिखलात रोवली नाहीत तर ती गाठ धरतात, मग लोंबीत दाणा भरत नाही. वर्षभर खायचं काय? घरात दोन पोरं, तिसरं वाटेवर, आणि बैल एक. गावात कोणाकडे मागावा, तर रोवण्यात कोणाचा बैल मोकळा असतो? ज्याच्याकडे होता तो म्हणाला, "तू उद्या मलेबी चोर म्हनशीन."

शेवटी मी जुवाला एका बाजूने स्वतःचा खांदा लावून पाहिला. चार पावलांत ढवळ्याने मला ओढत नेऊन धुऱ्यावर आपटलं. खरं सांगतो, त्या रात्री मी घाबरलो. परे पिवळे पडताना रोज दिसत होते, आणि कौतिका काही बोलत नव्हती. ती बोलली नाही की मला जास्त भीती वाटते.

इकडे पाळ रोज फुटतच होती. आता तर फागू घरीच होता, म्हणजे शंकाच नको! मी विचार केला, याला रंगेहात धरायचं. गावासमोर धरला की शरमेने तरी बैल देईल. काय डोकं चालवलं होतं! ज्याला चोर ठरवायचं त्याच्याकडूनच बैल घ्यायचा होता मला.

दुसऱ्या दिवशी मी पागोटं घातलं, छत्री घेतली, आणि कुडाजवळ उभा राहून फागूला ऐकू जाईल असा ओरडलो, "मी आमगावले चाललो वो! संध्याकारीच येईन!"

गावाबाहेर गेलो, नाल्यातून वळसा घातला, आणि टेकाडावर मागच्या अंगाने चढलो. चढलो खरा, पण लपू कुठे? सगळं तण मीच उपटलेलं! त्या एका कांसाच्या झुबक्यामागे कसाबसा बसलो. पागोटं वर दिसत होतं ते काढून मांडीखाली घेतलं. मुंगळे धोतरात शिरले. पाऊस भुरभुरत होता. मी हललो नाही.

दुपार झाली. आणि आलं कोणीतरी! पाठीवर डोक्यापासून पळसाच्या पानांचा मोरा, पावसात रोवायला बाया घेतात तसला. त्यामुळे तोंड दिसेना. हातात फावडं. खाली लुगडं खोचलेलं.

लुगडं! मी थक्क झालो. फागू बाईचा वेश घेऊन आला होता! काय ही लबाडी! केवढी ही तयारी!

माझ्यापासून दोन हातांवर, सगळ्यांत वरच्या बांधीची पाळ कापायला त्याने फावडं मारलं. पहिला घाव, दुसरा घाव. तिसऱ्याला मी झेप घेतली, दोन्ही पाय धरले आणि ओरडलो, "धावा गा! धावा! फागू सापडला!"

चोर चिखलात पालथा पडला, पण तोंडातून ब्र काढला नाही. मी पाय घट्ट धरून ओरडत राहिलो. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. कुडावरून, नाल्यातून, अंगणातून माणसं धावली. कोणी काठी आणली, कोणी दोर.

"पाहा! सारे पाहा! हाच तो फागू!"

"फागू त मी आहो," खालून आवाज आला.

फागू त्याच्या अंगणात उभा होता, हातात कवड्याच्या चाऱ्याचा भारा. "अना माह्ये पाय त अठीच आहेत गा. तू कोनाचे धरून राह्यला?"

तेवढ्यात मोरा घसरला. चिखलाने माखलेला एक हात आला, पदर शोधला, आणि तशा पालथ्या अवस्थेतही हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

अख्ख्या गावात तसा पदर ओढणारी एकच बाई होती.

माझे हात पायांवर थिजले. सोडावे तर काय म्हणून सोडावे, धरावे तर काय म्हणून धरावे? गावातले एक म्हातारे काठी टेकत पुढे आले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "असा जवाई भेटाले नसीब लागते बापा. सासूच्या पाया पडाले एवढा वर चढला!"

लोक हसायला लागले, आणि त्याच वेळी माझ्या पोटाखालची जमीन हलली.

महिनाभर पाणी पिऊन फुगलेलं टेकाड ते. अर्धवट कापलेली पाळ फुटली. वरची बांधी दुसरीत, दुसरी तिसरीत, तिसरी चौथीत, आणि सगळा लाल चिखल चुन्याच्या दगडांसकट खाली निघाला. आम्हीही निघालोच होतो. पण सासूबाईंनी हात लांब करून तो कांसाचा झुबका धरला. झुबक्याने सासूबाईंना धरलं आणि सासूबाईंच्या पायांना मी. गावाने आम्हाला दोर टाकून एकेक करून उतरवलं, तोवर आम्ही तसेच लोंबकळत होतो.

खाली आलो तर मागच्या खोलीची भिंत गेली होती. सासूबाईंची खाट चिखलावर तरंगत पुढच्या अंगणात येऊन उभी होती. तिच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा बांधलेल्या. मी विटांकडे बघत राहिलो.

कौतिकाचा बांध तेव्हा फुटला. "पाहा डोरे उघडून! पंधरा दिवस झाले माय इटायवर खाट ठेवून झोपून राह्यली. खाली पानी, वर पानी! तुमाले तीनदा सांगतलं. शेवटी बिचारी रोज फावडा घेऊन जाये अना थोडं थोडं पानी चरात काढून दे, का भिंत पडू नये!"

"मंग मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

सगळ्या बायांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पागोटं शोधायचं नाटक केलं. "जवायाले तोंडावर सांगते का कोनी?" कौतिका म्हणाली. "जवायाचं मन मोडते म्हनून तुमी घरी नसतानी जाये ते!"

मला रडू आलं. हसू नका, खरंच आलं. पाहुणी बाई आठव्या दिवशी माझं घर सोडून गेली असती तर बरोबर केलं असतं. ती माझी भिंत वाचवत होती, आणि मी तिला गावासमोर चिखलात पाडलं. आणि फागू? माझ्यामुळे तोही बैल बांधून बसला होता, त्याचीही बांधी अर्धीच राहिली होती. तशाच चिखलाच्या अंगाने मी त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

"फागू, मी चुकलो गा."

त्याने कवड्यापुढे चारा टाकला. "आता पानी काय म्हनून राह्यलं?"

उत्तराची वाट न बघता तो आत निघून गेला.

परत आलो आणि कुडाला टेकून बसलो. थोड्या वेळाने सासूबाई हातपाय धुऊन माझ्यासमोरून, पदर ओढून, सरळ फागूकडे गेल्या. बाकी सगळ्या जगाशी त्या मोकळेपणी बोलायच्या. मी कुडाला कान लावला. लावणारच! माझ्यामागे काय बोलतात ते मला कळायला नको?

"फागू बेटा, परे पिवरे पडून राह्यले," सासूबाई म्हणाल्या. "मानसाचा राग बैलायवर कायले?"

फागू म्हणाला, "माय, कवड्या देतो. पन सावड तुह्याशी. त्याच्याशी नाही."

"अना तो?"

"त्याचा बैल आला पायजे. तो नाही आला तरी चालते."

अशी माझ्याच शेताची सावड माझ्या सासूच्या नावाने झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे कवड्या आला. आधी फागूची राहिलेली बांधी, मग माझ्या. रोवणा पार पडला, परे गाठ धरायच्या आत जमिनीत गेले. त्या वर्षी आम्ही पोटभर जेवलो. टेकाडावर पुढच्याच महिन्यात तरोटा आला, आणि मी त्याला हात लावला नाही.

पण रोवण्याचे ते सहा दिवस! मी नांगरामागे, आणि धुऱ्यावर मालकीण म्हणून सासूबाई, पदर हनुवटीपर्यंत. जावयाशी बोलायचं नाही हा नेम त्यांनी तेव्हाही मोडला नाही. त्या ढवळ्याशी बोलायच्या. "ढवळ्या, उजवा कोपरा राह्यला ना बापा!" "ढवळ्या, असा खोल नको जाऊ." "ढवळ्या, आता न्याहारी कर."

मला पहिल्या दिवशी विचित्र वाटलं. दुसऱ्या दिवशी संशय आला की या बाईचं आणि माझ्या बैलाचं माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. रात्री गोठ्यात जाऊन ढवळ्याकडे नीट बघूनही आलो. तिसऱ्या दिवशी कौतिकाला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"अवो, ते तुमाले सांगून राह्यली!"

मला काय माहीत! ढवळ्या मात्र पहिल्याच दिवसापासून उजवीकडे वळत होता.